वाटणीनंतर मागे राहिलेल्या शेताचा रस्ता नव्या खरेदीदाराने अडवला आहे: हक्क कोणत्या कायद्याखाली मागावा?

ऊसपट्टा_माळशिरस यांचा प्रश्न

नमस्कार. आमची शेती सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात आहे. माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू यांची जमीन सामाईक होती आणि १९८७ मध्ये तिची वाटणी झाली. शिवरस्त्याला लागून असलेला पुढचा निम्मा भाग धाकट्या आजोबांकडे गेला व मागचा निम्मा भाग आमच्याकडे आला. तेव्हापासून आमची बैलगाडी आणि पुढे ट्रॅक्टर त्यांच्या रानाच्या पश्चिम बांधाला धरून जात-येत होते. या रस्त्यावरून दोन्ही घरांत कधी शब्दाने शब्द वाढला नाही.

धाकट्या आजोबांच्या मुलांनी २०१९ मध्ये पुढचा भाग तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका गृहस्थांना विकला. पहिली काही वर्षे त्यांनीही आम्हांला अडवले नाही. या वर्षी जूनच्या मध्याला मात्र त्यांनी जेसीबी लावून रस्त्याच्या तोंडाशी आडवी चर खोदली आणि बांधाच्या आतून तारेचे कुंपण घातले. त्यांचे म्हणणे असे आहे की, त्यांच्या सातबाऱ्यावर रस्त्याची कोणतीही नोंद नाही, खरेदीखतात आमच्या रस्त्याचा उल्लेख नाही आणि आम्हांला ओढ्याच्या कडेने पूर्वेकडून जाता येते. ओढ्याकडची ती पाऊलवाट दुसऱ्या तीन शेतकऱ्यांच्या रानांतून जाते, पावसाळ्यात ती पाण्याखाली असते आणि तिच्यावरून रिकामी बैलगाडीसुद्धा जात नाही.

आमचा सहा एकर ऊस उभा आहे. आता ऑक्टोबर उजाडला असून कारखान्याची तोड केव्हाही येईल आणि ट्रॉली आत नेण्यास वाट नाही. वडिलांनी गावातील दोन प्रतिष्ठितांना मध्ये घालून पाहिले, पण त्यातून काही निघाले नाही. तलाठी भाऊसाहेबांनी तहसीलदारांकडे कलम १४३ खाली नवीन रस्त्याचा अर्ज करण्यास सांगितले आहे. एका परिचितांच्या मते वीस वर्षांहून अधिक वहिवाट असल्याने थेट दिवाणी दावा लावावा.

आणखी एक अडचण आहे. त्याच पट्ट्यातून आमची पीव्हीसी पाइपलाइन जमिनीखालून गेलेली आहे. नीरा उजव्या कालव्याच्या फाट्याजवळ आमची विहीर आहे आणि तिचे पाणी या पाइपलाइनने रानात येते. धाकट्या आजोबांनी तोंडी होकार दिला म्हणून ती साधारण १९९५ च्या सुमारास टाकली होती. ती उखडून टाकू, असे आता खरेदीदार सांगत आहेत. दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आमचा असा हक्क कायद्याने खरोखर उभा राहतो का, आणि राहत असल्यास तो नेमका कोठे व कशा शब्दांत मागावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दिवाणी_वकील_पंढरपूर यांचे उत्तर

ताई, सर्वप्रथम कॅलेंडर पाहा, कारण तुमच्या प्रकरणात सर्वांत तातडीची बाब मुदतीची आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली, शेताकडे जाणाऱ्या वापरातील रस्त्यावर अडथळा केला असेल तर तो दूर करण्याचा आणि पुन्हा अडथळा करू नये असा मनाई हुकूम देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. हा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. चर जूनच्या मध्याला खोदली असेल तर डिसेंबरच्या मध्याला ही मुदत संपते. माझ्याकडे येणाऱ्या रस्त्यांच्या प्रकरणांपैकी कितीतरी प्रकरणे केवळ गावकीच्या बैठकांत हे सहा महिने निघून गेल्यामुळे लंगडी पडतात, म्हणून हा मुद्दा मी इतका आग्रहाने मांडतो आहे.

तलाठ्यांनी सुचवलेले कलम १४३ हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले आहे आणि त्याचा उद्देश वेगळा आहे. ज्या शेताला रस्ताच नाही, त्याच्या धारकाला इतर भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधांवरून, वाट देण्यासंबंधी त्या कलमाखाली निर्णय होतो आणि तो देताना शेतकऱ्याला आपल्या रानात जाण्याची वाजवी सोय असावी, ही गरज तहसीलदारांनी लक्षात घ्यायची असते. तुमचा रस्ता होता आणि तो अडवला गेला, ही तुमची तक्रार आहे. तुम्ही उद्या १४३ खाली “आम्हांला रस्ता नाही, नवीन द्यावा” असा अर्ज केलात, तर खरेदीदाराचे वकील तोच कागद पुढे करून विचारतील की, रस्ताच नव्हता असे तुम्ही स्वतः लिहून दिले आहे, मग जुनी वहिवाट कोठून आली? म्हणून आधी कलम ५ चा दावा करावा. कलम १४३ चा मार्ग गरज पडल्यास नंतरही खुला राहतो, कारण त्या अर्जाला अशी सहा महिन्यांची अट नाही.

तहसीलदारांपुढे वीस वर्षांची वहिवाट सिद्ध करण्याची गरज नसते. रस्ता वापरात होता, तो अमुक दिवशी अमुक व्यक्तीने अडवला आणि दावा सहा महिन्यांच्या आत आहे, एवढे दाखवणे पुरते. या निर्णयावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण आहे आणि ते काम बहुधा प्रांताधिकाऱ्यांकडे सोपवलेले असते. मात्र हा आदेश मालकी हक्काचा अंतिम निवाडा नसतो. दिवाणी न्यायालय वेगळे ठरवीपर्यंत तुमचा वापर चालू राहतो, इतकेच त्याचे बळ आहे, आणि उभा ऊस बाहेर काढण्यासाठी आज तुम्हांला नेमके तेच हवे आहे.

आता कायमच्या हक्काविषयी. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ खाली मुख्यतः तीन प्रकारे उभा राहतो आणि तुमच्या प्रकरणात तिन्ही शक्यता तपासण्यासारख्या आहेत. हा अधिनियम मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला, त्यामुळे आपल्याकडे तो चांगला रुळलेला आहे.

पहिला प्रकार गरजेचा. कलम १३ असे सांगते की, सामाईक मिळकतीची वाटणी झाली आणि एका हिश्श्याचा उपभोग घेण्यासाठी दुसऱ्या हिश्श्यावरून वाट असणे आवश्यक असेल, तर तो हक्क वाटणीबरोबरच निर्माण होतो. त्यासाठी वीस वर्षे थांबावे लागत नाही, वेगळा करार लागत नाही आणि सातबाऱ्यावर नोंद नसल्याने तो नाहीसाही होत नाही. १९८७ मध्ये तुमचा भाग चहूबाजूंनी कोंडला गेला असेल, तर पुढच्या भागावरून जाण्याचा तुमचा हक्क त्याच दिवशी जन्माला आला. वाट नेमकी कोठून द्यायची हे ठरवण्याचा पहिला अधिकार कलम १४ प्रमाणे पुढच्या हिश्श्याच्या मालकाचा असतो, फक्त ती वाजवी सोयीची असली पाहिजे. धाकट्या आजोबांनी पश्चिम बांधाची पट्टी वापरू दिली तेव्हाच ती वाट नेमून दिली गेली, असे म्हणण्यास चांगला आधार आहे. या प्रकाराची दुबळी बाजू अशी की, गरज संपली की कलम ४१ प्रमाणे हक्कही संपतो, आणि नुसती गैरसोय म्हणजे गरज नव्हे. म्हणूनच खरेदीदार ओढ्याकडच्या पाऊलवाटेचा मुद्दा काढत आहेत. त्यावर तुमचे उत्तर स्पष्ट असावे: त्या तीन शेतकऱ्यांच्या रानातून जाण्याचा कोणताही हक्क तुम्हांला नाही, आणि त्यांनी उद्या नको म्हटले की ती वाट बंद होते.

दुसरा प्रकार दीर्घ वहिवाटीचा, कलम १५ चा. शांततेने, उघडपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून वीस वर्षे वापर झाला असला पाहिजे, आणि ती वीस वर्षे दावा दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत येऊन संपत असली पाहिजेत. जमीन सरकारी असेल तर वीसऐवजी तीस वर्षे लागतात. तुमची मोजणी १९८७ पासून सुरू होते, त्याआधीपासून नाही, कारण त्यापूर्वी जमीन तुमच्याही मालकीची होती आणि स्वतःच्या जमिनीवर स्वतःचाच असा हक्क कोणी मिळवू शकत नाही. येथे एक गोष्ट विसरू नका: अडथळा झाल्याचे कळल्यानंतर एक वर्ष तो निमूटपणे सोसला, तर वहिवाट खंडित झाली असे कायदा मानतो. त्यामुळे आजच नोंदणीकृत टपालाने लेखी हरकत पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

“हक्क म्हणून” हे शब्द या प्रकारात फार जड आहेत. तुमच्या दाव्यात, जबाबात किंवा पोलिसांकडच्या एखाद्या अर्जात “आजोबांच्या परवानगीने जात होतो” असे वाक्य गेले, तर वीस काय, चाळीस वर्षांचीही वहिवाट उपयोगाची राहत नाही. परवानगीने केलेला वापर हा केवळ परवाना ठरतो आणि त्यातून वहिवाटीचा हक्क पिकत नाही. नात्यातल्या दोन घरांमध्ये न्यायालयाला सहजच वाटते की आपलेपणाने जाऊ दिले असेल, म्हणून साक्षीदार निवडताना आणि जबाब लिहिताना हे भान ठेवावे. जे घडले तेच सांगावे, परंतु पूर्ण सांगावे: वाटणीपासून ही वाट तुमची म्हणूनच वापरली गेली, ती वापरताना कोणाला कधी विचारले नाही आणि कोणी कधी अडवलेही नाही. गोव्यातील एका वाटेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे की, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापर होता याचे निःसंदिग्ध कथन दाव्यात असलेच पाहिजे. मोघम “पूर्वापार” म्हणून भागत नाही.

तिसरा प्रकार लेखी देणगीचा, म्हणजे मालकाने करारात किंवा वाटणीपत्रात हक्क दिल्याचा. तिन्हींत हा सर्वांत भक्कम. वाटणीच्या दस्तातून मिळालेला असा हक्क गरज संपली म्हणून संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले आहे. म्हणून मला तुम्हांला एक प्रश्न विचारायचा आहे: १९८७ ची वाटणी कशी झाली होती? नोंदणीकृत वाटणीपत्र आहे, तहसीलदारांचा आदेश आहे, की तोंडी वाटणी होऊन नुसता फेरफार पडला? सगळ्यांत आधी तो कागद शोधा.

खरेदीदाराच्या “माझ्या खरेदीखतात नाही” या म्हणण्याला फारसे वजन नाही. विकणाऱ्याची जमीन ज्या बोज्यासह होती, त्याच बोज्यासह ती घेणाऱ्याकडे जाते. शिवाय चाकोरी डोळ्यांना दिसत असताना ज्याने जमीन घेतली, त्याला रस्ता माहीत नव्हता असे म्हणता येणे अवघड आहे.

निवृत्त_मंडळ_अधिकारी यांचे उत्तर

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला आहे, त्यामुळे मी त्यात शिरत नाही. असे दावे तहसीलमध्ये प्रत्यक्षात कशावर जिंकले आणि कशावर हरले जातात, एवढेच सांगतो.

कलम ५ च्या दाव्यात स्थळपाहणीचा पंचनामा बहुतेक वेळा निकाल ठरवतो. पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने जे लिहिले ते पुढे प्रांत आणि दिवाणी न्यायालयापर्यंत जाते. म्हणून त्या दिवशी वडिलांनी स्वतः हजर राहावे आणि जागेवरच्या खुणा एकेक करून दाखवाव्यात. जुन्या गाडीवाटेची जमीन नांगरून काढली तरी खालचा थर घट्ट राहतो, त्यामुळे रानात कुदळ मारली की माती भुसभुशीत लागते आणि चाकोरीवर मारली की कुदळ उसळते. वाटेच्या दोन्ही अंगांना घाणेरी किंवा बाभळीची झुडपे रांगेत वाढलेली असतात आणि मधला पट्टा मोकळा असतो. खड्ड्यांत कोणे एके काळी टाकलेले दगड-मुरूम चरीच्या कडेला कापलेल्या थरात दिसतात. तुमच्याकडे तर खरेदीदारानेच चर खोदून तो थर उघडा केला आहे. तिचे आजच मोजपट्टी ठेवून फोटो काढा, कारण ओल आणि गवत यामुळे महिनाभरात तो झाकला जाईल.

गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढून घ्या. त्यात तुटक दुबार रेषेने दाखवलेला रस्ता म्हणजे ग्रामीण गाडीमार्ग असतो आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. तुटक एकेरी रेषा पायमार्गाची असते आणि तिची रुंदी सव्वाआठ फूट. वाटणीतून पडलेला तुमचा रस्ता त्यात नसण्याचीच शक्यता जास्त आहे आणि नसला तरी निराश होऊ नये, कारण ते नकाशे फार जुने आहेत आणि खासगी वहिवाटीची वाट त्यांत क्वचितच असते. मात्र ओढ्याकडची पाऊलवाट त्या नकाशात पायमार्ग म्हणूनही दाखवलेली नसेल, तर तिला पर्यायी रस्ता म्हणण्यात अर्थ उरत नाही. त्यासाठी तरी नकाशा जोडावाच.

उसाच्या बाबतीत एक चांगला पुरावा प्रत्येकाच्या घरी पडून असतो आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. कारखान्याच्या ऊसनोंदीत गट क्रमांक असतो आणि वजनकाट्याच्या पावतीवर वाहनाचा प्रकार असतो. जुन्या पावत्यांवर बैलगाडी आणि पुढच्या पावत्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉली असे दिसले, तर कोणत्या वर्षापासून कोणते वाहन रानात गेले याचा तो कागदोपत्री पुरावा होतो. वर्षवार लावून त्यांच्या झेरॉक्स प्रती दाव्याला जोडा. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रेही पाहता येतात आणि बांधालगतची पांढरी रेघ त्यांत बहुधा दिसते. ती छापून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र वकिलांकडून करून घ्या.

दावा साध्या अर्जावर चालतो, पण त्यात प्रतिवादीचे पूर्ण नाव-गाव, गट क्रमांक, चतुःसीमा, अडथळा कोणत्या तारखेला केला ती तारीख, साक्षीदारांची व कागदपत्रांची यादी आणि शेवटी सत्यापन असावे लागते. “जून महिन्यात” असे लिहू नका, तारीख लिहा. सामनेवाल्याला नोटीस लागण्यात वेळ जातो, तेव्हा दावा दाखल करतानाच ऊसतोडीपुरता अंतरिम आदेश मागा आणि कारखान्याचे तोडणीबाबतचे पत्र असेल तर ते जोडा.

आदेश मिळाल्यावर काम संपले असे समजू नये. २०२५ च्या मे महिन्यात महसूल विभागाने शेतरस्त्यांविषयी शासन निर्णय काढला आहे. यंत्रांचा वापर लक्षात घेऊन रस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या “इतर हक्क” सदरात घ्यावी, असे त्यात आहे. त्याआधी नवीन रस्ता देताना बांधाच्या दोन्ही बाजूंनी चार-चार फूट, म्हणजे एकूण आठ फूट देण्याची पद्धत होती. आदेशाची प्रत देऊन ही नोंद करून घ्या. पुन्हा ही जमीन विकली गेली तर पुढचा घेणारा सातबारा पाहूनच घेईल.

ऊसपट्टा_माळशिरस यांचा प्रतिसाद

आपण दोघांनी इतक्या सविस्तरपणे लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आज वडिलांसह तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन आलो. १९८७ ची वाटणी महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने झालेली आहे आणि त्या संचिकेत दोन्ही भावांचे जबाब आहेत. धाकट्या आजोबांच्या जबाबात असे वाक्य आहे: “मागील हिश्श्यास जाणेयेणेकरिता माझे हिश्श्याचे पश्चिम बांधाने गाडीवाट राहील, त्यास माझी व माझे वारसांची हरकत नाही.” खाली त्यांची सही आहे. आदेशात मात्र रस्त्याचा शब्द नाही. याचा उपयोग होईल का? शिवाय जबाबात “गाडीवाट” म्हटले असल्यामुळे ट्रॅक्टर-ट्रॉली नेण्यास अडचण येईल का?

बांधशेजारी_बारामती यांचे उत्तर

माझ्या रानातून असाच रस्ता जातो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचे चार शब्द लिहितो. ताईंचा हक्क खरा आहे आणि त्यांचा रस्ता अडवणे चूक आहे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु रस्ता देणाऱ्याचे काय जाते, तेही मोजले जावे. सहाशे फूट लांबीच्या बांधावर माझ्या बाजूचे चार फूट गेले की २,४०० चौरस फूट, म्हणजे दोन गुंठ्यांहून अधिक जमीन पिकातून जाते. सातबाऱ्यावर ती माझ्याच नावावर राहते आणि तिचा सारा मीच भरतो. दहा गुंठे, वीस गुंठे असे तुकडे उरलेल्या माणसाला ते जाणवते.

आमच्याकडे वाद मिटला तो एका साध्या गोष्टीने. पलीकडच्या शेतकऱ्याने पावसाळ्यापूर्वी स्वखर्चाने मुरूम टाकायचा, माझ्या चारीवर सिमेंटचे नळे टाकून मोरी करायची आणि ऊस भरलेली ट्रॉली पिकात घालायची नाही, असे आम्ही शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून घेतले. मीही त्या पट्ट्यात काही लावणार नाही आणि बांध टोकरणार नाही, हे त्यात आले. अनेक ठिकाणी रस्ता मागणारा माणूस हक्काचे कलम सांगतो, पण मोरी फुटली की ती दुरुस्त कोणी करायची हे सांगत नाही, आणि भांडण तेथूनच पेटते.

ताई, दावा जरूर लावा, मुदत घालवू नका. दावा दाखल झाल्यावर मात्र त्या गृहस्थांपुढे असा लेखी प्रस्ताव ठेवून पाहा. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला तारखांना हजर राहणेही परवडत नाही.

दिवाणी_वकील_पंढरपूर यांचे उत्तर

ताई, तुम्हांला मिळालेला जबाब मोलाचा आहे. त्याची प्रमाणित नक्कल आजच मागून घ्या, संचिका गहाळ झाल्याचे ऐकण्याची वेळ येऊ देऊ नका. हा जबाब नोंदणीकृत दस्त नसल्याने एकट्या त्याच्या बळावर लेखी देणगीचा हक्क उभा करताना तांत्रिक हरकत येईल. पण त्याचे खरे काम वेगळे आहे. वाटणीच्या वेळीच ही वाट आवश्यक मानली गेली होती आणि ती पश्चिम बांधानेच नेमून दिली होती, हे कलम १३ आणि १४ साठी त्याने सिद्ध होते. शिवाय पुढचा वापर आपलेपणाच्या परवानगीने नव्हता, वाटणीतील हिश्श्याचा भाग म्हणून होता, हेही त्याच वाक्याने दिसते. “माझे वारसांची” हा शब्द तर फारच उपयोगी आहे, कारण विक्री करणारे तेच वारस आहेत. दाव्यात गरज आणि दीर्घ वहिवाट हे दोन्ही आधार पर्यायी म्हणून मांडावेत आणि जबाब दोन्हींच्या पुराव्यात वापरावा.

गाडीवाटेचा तुमचा प्रश्न योग्य आहे. अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाही. पायवाटेचा हक्क असणाऱ्याला तेथून गाडी नेता येत नाही. तुमची वाट मुळातच वाहनाची आहे, आणि बैलगाडीच्या जागी शेतीच्याच कामासाठी ट्रॅक्टर आला, हा वापराच्या पद्धतीतील बदल आहे. मालकावरचा भार त्यामुळे वाढत नाही, असे मांडता येते. येथेच मंडळ अधिकारी साहेबांनी सांगितलेल्या काट्याच्या पावत्या कामी येतील. वीस वर्षांहून अधिक काळ ट्रॅक्टरही गेला असेल तर प्रश्नच मिटतो. दहा टायरचा ट्रक मात्र या वाटेने मागू नका, तेवढ्या एका मागणीने दाव्याचा विश्वास कमी होतो.

बारामतीच्या शेतकऱ्यांनी देखभालीविषयी लिहिले ते कायद्याशी तंतोतंत जुळते. वाट चालू ठेवण्याचा खर्च ती वापरणाऱ्याने करायचा असतो, आणि जमिनीच्या मालकाचे कमीत कमी नुकसान होईल अशा रीतीने ती वापरायची असते. त्याला स्वतःची जमीन वाट न अडवता कशीही वापरण्याची मोकळीक असते. तडजोड झाली तर ती मुद्रांकावर लिहून थांबू नका. दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या, म्हणजे लेखी हक्काचा जो प्रकार आज अर्धवट आहे तो पूर्ण होईल.

पाइपलाइनची बाब वेगळी आहे आणि ती तुम्ही रस्त्याच्या दाव्यात मिसळू नये. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की ती तोंडी होकारावर टाकली. म्हणजे तो परवाना होता. परवान्याच्या भरवशावर खर्च करून कायमचे काम केले असेल, तर तो देणाऱ्याला काढून घेता येत नाही, असे कलम ६० सांगते. परंतु कलम ५९ प्रमाणे, जमीन विकली गेली की नवा मालक केवळ खरेदी केली म्हणून त्या परवान्याने बांधला जात नाही. कलम ६० वर लढता येते, पण ही लढाई अवघड आहे. तुमच्यासाठी महसूल संहितेचे कलम ४९ अधिक सरळ आहे. शेतीसाठी दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्यास परवानगी मिळावी, असा अर्ज त्या कलमाखाली तहसीलदारांकडे करता येतो. शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून, नुकसानभरपाई आणि भाडे ठरवून तहसीलदार परवानगी देऊ शकतात. पाइप जमिनीखाली किमान अर्धा मीटर असावा लागतो आणि तो जवळच्या मार्गाने न्यावा लागतो. तुमचा पाइप किती खोल आहे हे एका जागी उकरून पाहा आणि अर्जात लिहा. अर्ज प्रलंबित असताना तो उखडला जाऊ नये म्हणून दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम घेता येतो आणि उभे पीक जळण्याचा धोका असताना न्यायालये त्याकडे गांभीर्याने पाहतात.

येत्या सोमवारी कलम ५ चा दावा, जबाबाच्या नकलेचा अर्ज आणि नोंदणीकृत टपालाची हरकत ही तिन्ही कामे उरकावीत. पाइपलाइनचा अर्ज त्याच आठवड्यात स्वतंत्रपणे द्यावा आणि त्यावरील आवक क्रमांक व तारखेचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.